तेल पिनेपर्यंत पोचते का?

कळव्याला लोखंडाची आणि यंत्रांची सवय जुनी आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मुकंदच्या कारखान्यात वर्षानुवर्षे मिश्रधातूचे पोलाद बनले, शेजारच्या सीमेन्सच्या कारखान्यात विजेची यंत्रे बनली, आणि लोकल गाड्यांची कारशेडही इथलीच. पारसिकच्या डोंगरापलीकडे, कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता. अशा पट्ट्यात इंजिनाबद्दल बोलणारे दोन प्रकारचे जाणकार भेटतात. एकाची विद्या हातातली असते, दुसऱ्याची कारखान्यातली आणि पुस्तकातली. ताकद वाढवलेल्या इंजिनातल्या रोलर लिफ्टरचा विषय निघाला की या दोघांचे हमखास वाजते. एक म्हणतो, तेल चुकले म्हणून रोलर गेला. दुसरा म्हणतो, धातूवर झेपेना इतका भार टाकला म्हणून गेला. या लेखातले मिस्त्री काका आणि अभियंता ताई ही त्या दोन मतांची कल्पित रूपे आहेत. त्यांना बोलू देऊन मधे मधे मी माझे म्हणणे मांडणार आहे. ते थोडक्यात असे : रोलर लिफ्टरचे आयुष्य तेलाच्या डब्यावरच्या नावाने ठरत नाही आणि एकट्या पोलादानेही ठरत नाही. सर्वांत जड भार आणि सर्वांत कमी तेल ज्या क्षणी एकत्र येतात, त्या क्षणी रोलरच्या पिनेपर्यंत किती तेल पोचते, यावर ते ठरते.

आधी हा भाग कुठे बसतो ते पाहू. पुशरॉडच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅमचा उंचवटा वर आला की त्यावर बसलेला लिफ्टर उचलला जातो, लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्वला. जुन्या इंजिनात लिफ्टरचे, म्हणजे आपल्या गॅरेजांतल्या टॅपेटचे, तळ सपाट असते आणि ते कॅमवर घासत चालते. रोलर लिफ्टरच्या तळाशी एक छोटे पोलादी चाक असते. त्या चाकातून आडवी पिन जाते आणि पिन व चाक यांच्यामध्ये बहुतेक वेळा बारीक सुयांसारख्या रोलरांची एक रांग असते. चाक कॅमवर लोळते, म्हणून घर्षण कमी होते आणि कॅमचा आकार अधिक उभा ठेवता येतो. व्हॉल्व लवकर उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो आणि इंजिन जास्त हवा घेते. शर्यतीच्या इंजिनाला हेच हवे असते. साध्या गाड्यांत मात्र रोलर आला तो मुख्यतः इंधन वाचवण्यासाठी. फोर्डच्या 5 लिटर व्ही-8 मध्ये तो 1985 साली आला आणि शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-8 मध्ये 1987 साली.

मिस्त्री : बघा ताई, प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, पुशरॉडचं, खाली सपाट टॅपेट. टॅक्सीला दिवस-रात्र चालायचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षं भरली म्हणून 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. ती काय टॅपेट खाल्लं म्हणून थांबली नाही, कायद्यानं थांबवली. टॅपेट वाजायला लागलं की झाकण खोलायचं, फिलर गेज घालायचा, सेटिंग करायचं, गाडी परत धंद्याला. त्या काळी तेलात जस्त भरपूर असायचं. आता तेल पाण्यासारखं पातळ झालं, त्यातलं जस्त काढून घेतलं, आणि म्हणून हे नाजूक रोलर मरतात.

अभियंता : काका, जस्ताचं म्हणणं अर्धं खरं आहे. तेलात जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग असतं. धातू धातूवर घासला की त्या उष्णतेनं ते संयुग पृष्ठभागावर एक पातळ थर बांधतं आणि झीज थोपवतं. फॉस्फरसनं गाडीच्या धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून त्याच्यावर मर्यादा आली. 2004 च्या एपीआय एसएम दर्जात ती 0.08 टक्क्यांवर आणली. पण ही मर्यादा 5डब्ल्यू-30 सारख्या पातळ ग्रेडना आहे, तुमच्या 20डब्ल्यू-50 ला नाही. शिवाय तो थर लागतो घासणाऱ्या जोडीला. रोलर घासत नाही, लोळतो. सपाट टॅपेटचं औषध रोलरला देऊन उपयोग काय?

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघांनीही एक मुद्दा सोडला आहे. सपाट टॅपेटवाला नवा कॅम बसवला की इंजिन पहिल्यांदा चालू करताना ते स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मंद गतीवर, ठेवत नाहीत. सुमारे वीस मिनिटे ते मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर चालवतात. कारण या कॅमला तेल मुख्यतः क्रँक फिरताना उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळते आणि स्लोला क्रँक पुरेसे तेल उडवत नाही. म्हणजे जस्त कितीही असो, तेल त्या जागी गेले नाही तर नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासात खराब होऊ शकतो, हे सपाट टॅपेटच्या जमान्यातच ठाऊक होते. पद्मिनीच्या दीर्घायुष्याचे श्रेयही एकट्या जस्ताला देता येत नाही. तिच्या व्हॉल्वच्या स्प्रिंगा हलक्या होत्या, फेरे मर्यादित होते आणि टॅपेटच्या तळावर भार बेताचा होता. तेल काय आहे, तेल कुठे जाते आणि भार किती आहे, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. मिस्त्री पहिल्यावर अडून आहेत, अभियंता तिसऱ्यावर जाणार आहे. या भागाचा निकाल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर लागतो.

अभियंता : भाराचा हिशोब सांगते. साध्या व्ही-8 मध्ये व्हॉल्व बंद असताना स्प्रिंग साधारण चाळीस किलोनं दाबते, पूर्ण उघडल्यावर शंभर-सव्वाशे किलोनं. शर्यतीच्या इंजिनात बंद असताना शंभराच्या वर आणि उघडल्यावर तीनशे किलो सहज होतात. त्यात रॉकर म्हणजे तरफ. तिचं गुणोत्तर 1.7 असेल तर व्हॉल्वपाशी तीनशे म्हणजे लिफ्टरपाशी पाचशे किलो. आता रोलर बेअरिंगच्या आयुष्याचा सर्वमान्य नियम बघा : भार दुप्पट झाला की आयुष्य जवळजवळ दहावा हिस्सा उरतं. तिप्पट केला तर चाळिसावा. त्यात चाळीस मिलिमीटरच्या कॅमवर अठरा मिलिमीटरचं चाक म्हणजे कॅमच्या एका फेऱ्यात चाकाचे दोनाहून जास्त फेरे. इंजिन सहा हजारांवर असताना ते चाक मिनिटाला सहा-सात हजार वेळा फिरतं. म्हणून म्हणते, स्प्रिंग बदलली तिथंच लिफ्टरचं मरण लिहिलं गेलं. तेलाला दोष देऊ नका.

मिस्त्री : आणि मग पुण्याचं कमिन्स कसं चालतं? 855 चं इंजिन, जनरेटरला, डंपरला, बोटीला. त्याच्यात प्रत्येक सिलिंडरला कॅमवर तीन उंचवटे, दोन व्हॉल्वचे आणि एक इंजेक्टरचा. इंजेक्टर कॅमनंच दाबला जातो, तो भार स्प्रिंगच्या किती वर. तिथंही रोलरच आहे. हजारो तास चालतो. का चालतो? कारण त्याच्या लिव्हरमधून तेलाचं भोक थेट रोलरच्या पिनेला आलंय. ताई, गाडीच्या चाकाच्या धावेवर वंगण ओतून आस सुटत नाही. वंगण आसालाच लागतं.

मिस्त्रींचा हा मुद्दा या वादातला सर्वांत वजनदार पुरावा आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. किर्लोस्कर कमिन्सची स्थापना 1962 साली झाली आणि कोथरूडच्या कारखान्यातून निघालेली इंजिने देशभर पसरली. त्या मोठ्या डिझेल इंजिनात रोलर साध्या पिनेवर फिरतो, सुयांची रांग नसते आणि तेल दाबाने पिनेपर्यंत आणलेले असते. साध्या पिनेवर तेलाचा थर तयार झाला की भार सगळ्या रुंद पृष्ठभागावर पसरतो. सुयांच्या रांगेत तोच भार खालच्या बाजूच्या दोन-चार सुयांवर, त्याही बारीक रेषांवर, एकवटतो. म्हणून धक्का सोसण्यात ही साध्या पिनेची रचना, म्हणजे बुश, सरस ठरते. पण बुशची एक अट आहे : तेल सतत हवे. थर तुटला की बुश पिनेला चिकटते, चाक फिरायचे थांबते आणि पोलादी चाक कॅमवर घासू लागते. सुयांचे उलटे आहे. त्या थोड्या तेलावर, नुसत्या तेलाच्या धुक्यावरही, बराच काळ निभावतात. धक्का आणि कचरा मात्र त्यांना सोसत नाही. म्हणून घरच्या गाडीत, शिंतोड्यांवर भागवायचे असते तिथे, कंपन्यांनी सुया निवडल्या. जबर स्प्रिंगांच्या शर्यतीच्या इंजिनात लिफ्टर बनवणारे बुशकडे वळले आणि त्याच वेळी त्यांनी लिफ्टरच्या अंगातून पिनेपर्यंत बारीक वाट काढली. यापैकी एक घेऊन दुसरे सोडता येत नाही. बुशचा लिफ्टर आणून तो शिंतोड्यांवर सोडला तर सुयांच्या लिफ्टरपेक्षा लवकर बिघडेल.

आता या वादाचा गाभा. साध्या लिफ्टरच्या पिनेला तेल दोन वाटांनी मिळते. एक, क्रँकवरून उडणारे शिंतोडे. दुसरी, लिफ्टर ज्या भोकात खालीवर होतो त्याच्या फटीतून झिरपणारे तेल. लिफ्टरच्या कंबरेला ब्लॉकमधली तेलाची नळी लागते. तिथून बरेचसे तेल पुशरॉडमधून वर रॉकरला जाते आणि थोडे फटीतून खाली उतरते. ही फट मिलिमीटरच्या चार-पाच शतांशांइतकी, कधी त्याहूनही कमी. दोन्ही वाटा इंजिन जोरात चालताना भरून वाहतात आणि स्लोला आटतात : क्रँक हळू, शिंतोडे कमी, पंपाचा दाब कमी. अशा वेळी भार तरी कमी असावा, अशी आपली अपेक्षा असते. होते उलटेच. जोरात चालणाऱ्या इंजिनात कॅमच्या टोकावरून जाताना लिफ्टर, पुशरॉड आणि व्हॉल्व यांचे वजन वरच्या दिशेने उडू पाहते आणि स्प्रिंगचा काही दाब त्यांना आवरण्यात खर्च होतो. स्लोला ही उसळी नसते, म्हणून टोकापाशी स्प्रिंगचा पुरा दाब रोलरवर आणि पिनेवर येतो. म्हणजे कॅमच्या टोकावर सर्वांत जड भार आणि पिनेला सर्वांत कमी तेल, हे दोन्ही स्लोलाच एकत्र येतात. जोरात चालताना उघडण्याच्या चढावर भार वाढतो, हे खरे. पण तेव्हा तेलही मुबलक असते.

हे एकदा मान्य केले की आपल्या भागातली परिस्थिती वेगळी दिसू लागते. कळवा खाडीवरचा तिसरा पूल 2022 च्या नोव्हेंबरात सुरू झाला. तरी ठाणे आणि कळवा यांच्यामधली, पुढे मुंब्र्याकडची वाहतूक दिवसाच्या बऱ्याच वेळी गोगलगायीच्या गतीनेच सरकते. जबर स्प्रिंगांचे इंजिन बसवलेली गाडी शर्यतीच्या पट्टीवर काही सेकंद धावते आणि घरी येताना पाऊण तास स्लोला धडधडत उभी राहते. मालक आणि गॅरेज दोघेही काही सेकंदांच्या त्या धावेला इंजिनाची परीक्षा समजतात. पिनेच्या दृष्टीने खरी परीक्षा त्या पाऊण तासाची असते. अमेरिकेतल्या मोठ्या व्ही-8 गाड्यांच्या बाबतीतही हाच संशय बराच काळ चर्चेत आहे. तसले इंजिन इथेही आले : भारतात जीपने 2016 साली ग्रँड चेरोकी एसआरटी आणली, तिच्या 6.4 लिटरच्या हेमी इंजिनात पुशरॉड आणि रोलर लिफ्टरच आहेत. हेमी घराण्यात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये वरच्या अंगाला आहे, म्हणजे क्रँकच्या शिंतोड्यांपासून दूर. पोलिसांच्या कामात तासन्‌तास स्लोला उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे रोलर लवकर जातात, हे अमेरिकेतल्या मिस्त्रींचे सततचे सांगणे आहे. वर मांडलेल्या कारणाशी ते जुळते.

अभियंता : मान्य, पण याला माझा एक आक्षेप आहे. हा तेलाच्या वाटेचा प्रश्न इतका मोठा असता तर साध्या गाड्या का चालतात? फियाटचं 1.3 मल्टीजेट घ्या. रांजणगावला बनलं, मानेसरला बनलं, स्विफ्टपासून इंडिगोपर्यंत बसलं, 2020 मध्ये बीएस-6 आल्यावर थांबलं. त्याच्यात रोलरच आहेत, पातळ तेलावर चालतात, लाखो किलोमीटर जातात. बुलेटचं 2009 च्या सुमाराचं यूसीई इंजिन घ्या, पुशरॉडचं, खाली हायड्रॉलिक रोलर लिफ्टर. ठाण्याच्या रहदारीत रोज उभं असतं. कुणी स्लोनं रोलर गेला म्हणून रडत नाही.

आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर तिच्याच हिशोबात आहे. मल्टीजेटमध्ये पुशरॉड नाहीत, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहेत. रोलर छोट्या बोटांसारख्या रॉकरात बसलेले आहेत, हलणारे वजन थोडे आणि म्हणून स्प्रिंगाही हलक्या. बुलेटचे इंजिन मुळात संथ आहे, त्याचे फेरे कमी. दोन्हीकडे पिनेवरचा भार इतका खाली आहे की स्लोच्या थोड्या तेलातही ती तग धरते. दुप्पट भाराला दहावा हिस्सा आयुष्य हा नियम उलटाही वाचता येतो : भार निम्मा ठेवला तर आयुष्य दसपट. साध्या गाडीत कंपनीने भाराची सवलत ठेवलेली असते आणि तिच्याच जोरावर तेलाचा तुटवडा खपून जातो. इंजिनाची ताकद वाढवताना आपण ती सवलत पहिल्याच दिवशी खर्च करून टाकतो. मग जो तुटवडा इतके दिवस खपत होता, तोच प्राणघातक ठरतो. म्हणून भार आणि तेल हे दोन वेगळे खटले नाहीत. भार किती तेल हवे ते ठरवतो, आणि तेवढे तेल पिनेपर्यंत येते का, हे रचना आणि वापर ठरवतात. अभियंता एकट्या भाराचे नाव घेते तेव्हा ती कारणाचा अर्धा भाग सांगते.

मिस्त्री : मग माझं जाड तेल बरोबरच झालं की. 20डब्ल्यू-50 टाका, त्याहून जाड टाका, घड्याळावर प्रेशर बघा कसं चढतं. थर जाड, रोलर सुरक्षित.

हा समज गॅरेजांत इतका पक्का आहे की त्याचे उत्तर सावकाश द्यायला हवे. तेलाच्या दाबाचे घड्याळ ब्लॉकच्या मुख्य नळीतला दाब दाखवते, पिनेजवळचा नाही. तेल जाड केले की ते वाहायला जास्त विरोध करते, म्हणून घड्याळ वर जाते. वाहणारे तेल त्यामुळे वाढत नाही. लिफ्टरच्या फटीतून झिरपणाऱ्या तेलाचे प्रमाण जाडीच्या उलट असते : जाडी दुप्पट, झिरप निम्मी. म्हणजे सुयांच्या आणि शिंतोड्यांवरच्या लिफ्टरला जाड तेल देताना, आपण ज्या दोन वाटांवर अवलंबून आहोत त्यांपैकी एक वाट आपल्याच हाताने अरुंद करतो. दुसरी बाजूही खरी आहे. तेल एकदा जागी पोचले की जाड तेलाचा थर जाड राहतो, आणि दाबाने तेल मिळणाऱ्या बुशच्या लिफ्टरला जबर स्प्रिंगांखाली अशा तेलाचा फायदा होतो. ठाण्याच्या हवेत थंडीची अडचण नाही, त्यामुळे सकाळी तेल गोठल्यासारखे घट्ट होण्याची भीतीही नाही. पण निवडीचा क्रम उलटा हवा : आधी लिफ्टरची तेलवाट पाहावी, मग ग्रेड ठरवावा. लिफ्टर बनवणाऱ्याने सांगितलेला ग्रेड त्या फटीचा आणि त्या भोकाचा हिशोब करूनच सांगितलेला असतो.

मिस्त्री : ठीक. पण मग तुम्ही म्हणता तसं पिनेपर्यंत भोक पाडलं की प्रश्न मिटला? प्रत्येक भोक म्हणजे गळती. वर रॉकरला तेल कमी, खाली मेन बेअरिंगला कमी. क्रँक गेला तर रोलरचं कौतुक करत बसणार का?

हा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इंजिन म्हणजे एका पंपावर जगणारे बिऱ्हाड आहे आणि एकाला जास्त दिले की दुसऱ्याला कमी पडते. पण इथे प्रमाण पाहावे लागते. पिनेकडे जाणारे भोक सुईच्या टोकाइतके बारीक असते. झिजलेल्या ब्लॉकमध्ये लिफ्टरभोवतीची गळती त्याहून कितीतरी मोठी होऊ शकते, कारण फट दुप्पट झाली की तिच्यातून वाहणारे तेल आठपट होते. म्हणजे मेन बेअरिंगचे तेल पळवणारा खरा चोर जुन्या ब्लॉकचे मोठे झालेले भोक हा असतो. म्हणून अशा ब्लॉकमध्ये लिफ्टरच्या भोकांना बुश ठोकून ती नेमक्या मापाला आणली की मुख्य दाब वाचतो आणि वाचलेल्यातून पिनेला बिनधास्त देता येते. ज्या मशीन शॉपकडे ते माप शतांशात धरण्याची साधने नाहीत, तिथे आधी स्प्रिंग हलकी करावी. महागडा लिफ्टर मागवून जुन्या मोठ्या भोकात सोडू नये. मिस्त्रींची शंका म्हणजे भोक पाडू नये याचे कारण नव्हे. भोक पाडण्याआधी फट मोजावी, याचे ते कारण आहे.

खराब झालेला लिफ्टर हातात घेतला की तो स्वतःच सगळे सांगतो. चाक दोन बोटांत धरून वर-खाली हलवावे. किंचितही खेळ जाणवला, किंवा फिरवताना वाळू असल्यासारखे खरखरले, की तो लिफ्टर परत बसवायचा नाही. पिन बाहेर काढली तर तिच्या भार सोसणाऱ्या एकाच बाजूला राखाडी पट्टा दिसतो. त्या पट्ट्यावरून नख फिरवले की बारीक खड्डे लागतात, जणू पोलादाचे पापुद्रे निघाले आहेत. ही धातूला थकवा येऊन झालेली झीज. पिन जांभळी किंवा तपकिरी पडली असेल तर ती तापली होती, म्हणजे तेल आले नव्हते. सुयांना सपाट पैलू पडले असतील तर त्या फिरत नव्हत्या, घसटत होत्या. आणि खड्डे सुयांच्या अंतरावर, ओळीने, ठोकल्यासारखे असतील तर व्हॉल्व उसळून परत आपटत होता, म्हणजे स्प्रिंग कमजोर होती किंवा फेरे जास्त झाले होते. या शेवटच्या खुणेमुळे अभियंत्यालाही आपले म्हणणे थोडे दुरुस्त करावे लागते, कारण स्प्रिंग जास्त हलकी केली तरी रोलर मरतो. चाकाची फक्त एकच कड झिजली असेल तर लिफ्टर आपल्या जागी किंचित वळला होता. रोलर लिफ्टर वळता कामा नये, म्हणून त्याला पट्टी किंवा प्लॅस्टिकची चौकट असते, आणि ती सैल झाली की दोष तेलाचाही नसतो, भाराचाही नसतो. या खुणा वाचल्याशिवाय नवा सेट बसवणे म्हणजे तोच बिघाड पुन्हा विकत घेणे.

अभियंता : आणि कचऱ्याचं काय, काका? सुई आणि पिन यांच्यातला तेलाचा थर एका मायक्रॉनच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. चांगल्या फिल्टरमधूनही त्याहून मोठे कण सुटतात. एक कण चिरडला की पिनेवर ओरखडा, आणि ओरखड्यापासून थकव्याची सुरुवात. पोलाद कितीही स्वच्छ वितळवलं तरी तेल घाण असेल तर फायदा नाही.

मिस्त्री : पावसाळ्याचंही धरा. चार महिने हवा दमट. गाडी स्टेशनपर्यंत जाते आणि परत येते, तेल नीट तापतच नाही, आत वाफेचं पाणी साठतं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी मलई दिसते ती तीच. अशी गाडी महिनाभर उभी राहिली तर सुयांवर गंज बसतो. मी किलोमीटर बघत नाही, पावसाळा संपला की तेल बदलतो.

इथे दोघांचे एकमत होते आणि ते उगाच नाही. तेलात मुरलेल्या थोड्याशा पाण्यानेही बेअरिंगच्या पोलादाचे आयुष्य घटते, हे बेअरिंगशास्त्राला चांगले ठाऊक आहे. मिस्त्रींना ते झाकणाखालच्या मलईवरून कळले आहे. त्यात आणखी एका सवयीची भर घालतो. तेल भरताना मापाच्या काठीवरच्या वरच्या खुणेच्याही वर 'थोडे जास्त असू द्या' म्हणून ओतले जाते. चेंबरमधले तेल क्रँकच्या वाटेत आले की क्रँक ते घुसळतो, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, आणि हायड्रॉलिक लिफ्टरच्या पोटात तेलाऐवजी फेस जातो. फेस दाबला जातो, म्हणून लिफ्टर आपटू लागतो. गॅरेजमध्ये त्यावर आणखी जाड तेलाचा उपाय होतो, आणि पुन्हा तीच झिरप आटते. काठीवरच्या दोन खुणांच्या मध्ये तेल ठेवणे, हा लिफ्टर वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तेव्हा ताकद वाढवलेल्या पुशरॉड इंजिनासाठी माझा निष्कर्ष एका क्रमाच्या रूपात आहे, आणि क्रमच महत्त्वाचा आहे. पहिला निर्णय स्प्रिंगचा : कॅमला आणि फेऱ्यांना जितकी लागते तितकीच घ्यावी, 'असू दे जोरात' म्हणून एक नंबर वरची घेऊ नये, कमीही घेऊ नये. दुसरा निर्णय तेलवाटेचा : रोजच्या रस्त्यावरची गाडी आणि मध्यम स्प्रिंग असेल तर सुयांचा चांगला लिफ्टर पुरे, जबर स्प्रिंग असेल तर दाबाने पिनेला तेल देणारा बुशचा लिफ्टर, आणि त्याआधी मोजलेली भोके. तिसरा निर्णय स्लोचा : अशा इंजिनाचा स्लो मूळ गाडीपेक्षा वर ठेवावा, हजार-बाराशेवर, आणि रहदारीत गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर ती गाडी त्या कामाची नाही हे मालकाला स्पष्ट सांगावे. पहिल्यांदा चालू करण्याआधी लिफ्टर तेलात बुडवून ठेवावेत आणि पंप फिरवून दाब चढल्यावरच किल्ली फिरवावी. चौथा निर्णय तेलाच्या ग्रेडचा, आणि पाचवा, सर्वांत शेवटचा, जस्ताच्या बाटलीचा. रोलर कॅमला ती बहुधा लागतच नाही. आज बहुतेक गॅरेजांत हा क्रम नेमका उलटा चालतो : बाटली आधी, ग्रेड नंतर, आणि स्प्रिंग व भोकाचे माप कुणी विचारतच नाही. लिफ्टरकडे इंजिनभर टिकणारा भाग म्हणून न पाहता, तासांच्या हिशोबाने तपासायचा आणि बदलायचा भाग म्हणून पाहावे. शर्यतीच्या इंजिनाच्या वहीत किलोमीटरच्या शेजारी स्लोला गेलेल्या तासांचीही नोंद असावी. कमिन्सच्या जनरेटरला तासांचे मीटर असते आणि त्याची सर्व्हिस त्या मीटरवर ठरते. ज्या गाडीच्या पिनेवर आपण तितकाच जड भार टाकतो, तिलाही तीच शिस्त लागते.